पाचव्यांदा आलेली ओळ

१

गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण शेरवेतने ती नवऱ्याच्या, बहीजच्या, वहीत बहीजच्याच पद्धतीने लिहिली होती. आधी वार, मग वेळ, मग आवाजाचं बटण कितीवर ठेवलं तो आकडा.

चार वर्षांची सेल्मा आतल्या खोलीत झोपली होती. जेवणाची भांडी अजून मोरीतच होती. मुहर्रम बेय वस्तीतल्या त्या गल्लीत दुपारी चारला ट्रामसुद्धा चपला हातात घेऊन जाते, असं बहीज म्हणायचा. बहीजला जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याचं पठण झालं, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, नातेवाईक आपापल्या घरी गेले. आता घरात तिघीच उरल्या होत्या. शेरवेत, तिची पोर आणि सासू, हज्जा तफीदा.

बहीजचं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे आवाज दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा आवाज ऐकायचा, हा त्याचा शिरस्ता. बापाकडून आलेले अक्रोडी लाकडाचे कमरेएवढे दोन स्पीकर, त्यांच्या मधोमध टीव्ही, समोर सोफा. ॲम्प्लिफायर त्याने स्वतः जोडलेला. शेजारी एक काळी डबी, ती इंटरनेटवरून गाणी ओढून घ्यायची.

त्या डबीत गाणी पुरवणाऱ्या कंपन्या पुष्कळ. त्यातल्या तीन म्हणायच्या की आमचा आवाज सगळ्यात बारीक, जसा गाताना होता तस्साच. तिघींनी दोन-तीन महिने फुकट ऐकायला दिले होते. ऐकून एक ठेवायची आणि दोन बंद करायच्या. बहीजने त्यासाठी वही घातली होती आणि पारखायला एकच गाणं धरलं होतं, जुन्या गायिका सित्त वहीबाची मन्सूरा गावातली मैफल, सन एकसष्टची. एकच गाणं, बावन्न मिनिटांचं.

"एवढी जुनी कशाला?" शेरवेतने विचारलं होतं.

"नवीन गाणं खोलीत कोंडून रेकॉर्ड करतात गं. तिथं गर्दी कुठली? बाई चांगली गाते हे फाटका रेडिओही सांगतो. पण मागं बाराशे माणसं बसलीत, त्यातला एक जण बिया सोलतोय, एक जण बायकोला गप्प कर म्हणतोय, ते ज्याच्यातून कळेल तो खरा."

मग तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, शेरवेत डबीवरची सेवा बदलायची आणि त्याने ओळखायचं. एकदा तिने मुद्दाम पहिलीच दोनदा लावली. हा पठ्ठ्या दहा मिनिटं सांगत बसला की दुसऱ्या खेपेला तारा कशा मोकळ्या झाल्या. तिने खरं सांगितल्यावर उशी फेकून मारली होती त्याने.

वहीत पहिलीपुढे लिहिलं होतं: "टाळ्या म्हणजे कढईत भजी सोडल्यासारख्या. नको." दुसरीपुढे: "ऊद वाजवणाऱ्याचं बोट तारेवर सरकलेलं कळतं. पण दालन लहान वाटतं, छत डोक्यावर आल्यासारखं." खाली एक टीप: "दाराची ओळ चार वेळा." तिसरीपुढे एकच शब्द होता. "उद्या."

तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं उचलता उचलता तो खाली बसला, तो बसलाच.

"बंद कर ती थेरं," हज्जा रोज म्हणायची. "फुकटचे दिवस संपले की पैसे कापायला लागतील मेले."

"करते हज्जा. तिसरी ऐकून लिहिते आणि करते. त्याचं एवढंच काम अर्धवट राहिलंय."

२

तिसरी लावली आणि शेरवेत आधी सोफ्यावरून थोडी मागे सरकली. गाणं सुरू व्हायचं होतं, नुसतं दालन सुरू झालं होतं. खुर्च्या करकरत होत्या. कुणीतरी नाक ओढलं. छत कुठल्या कुठे उंच गेलं. बहीज असता तर म्हणाला असता, बघ, हे दालन.

सित्त वहीबा गायला लागली. ती गायची ती एकटी नव्हेच, लोकांच्या जोडीने. ओळ संपायची, लोक "अल्लाह!" करून उठायचे, "पुन्हा, सित्त, पुन्हा!" असा गलका व्हायचा आणि ती तीच ओळ पुन्हा घ्यायची, वेगळ्या वळणाने. इकडची रीतच आहे ती. ऐकणाऱ्याने गप्प बसणं म्हणजे वाढलेल्या ताटाला हात न लावणं. बहीज तर घरी स्पीकरलासुद्धा दाद द्यायचा, मोठ्याने, हात उंचावून. त्याची दाद ठरलेली होती: "घर बुडो तुझं, सित्त! पुन्हा!" लाडाने देतात तसली शिवी. सेल्मा त्याच्या मांडीवर बसून तेच बोबडं म्हणायची आणि हज्जा आतून ओरडायची, "पोरीला काय शिकवतोस रे!"

अर्ध्यावर ती ओळ आली. "दार मी लावलंच नाही, तूच उशीर केलास." एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. चौथ्या खेपेनंतर डाव्या स्पीकरच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत म्हणावं इतक्या अंतरावर, कुणीतरी खोकलं.

दोन आखूड खोकले आणि एक गिळलेला.

मग तोच माणूस म्हणाला, "घर बुडो तुझं, सित्त!"

शेरवेतच्या हातातली पेन्सिल खाली पडली. आणि तोंडून, विचार करायच्या आत, जन्मात कधी न दिलेली दाद निघून गेली.

"पुन्हा!"

सित्त वहीबाने ओळ पुन्हा घेतली. पाचव्यांदा. मधल्या शांततेत त्या बाराशे माणसांत कुठेतरी एक बारीक घंटी किणकिणली.

घंटी ओळखीची होती. शेरवेतला वाटलं, बाल्कनीतल्या टोपलीची असेल. उठून बघितलं तर टोपली कठड्याला बांधलेली, वारा नाही, काही नाही.

नंतर तिने स्वतःला समजावलं. तसं तर सगळेच ओरडतात. बहीज लहानपणापासून बापाबरोबर हीच मैफल ऐकायचा, तिथूनच शिकला असेल. खोकल्याचं काय, खोकला खोकल्यासारखा असतो. तिसरीकडे जास्त लांबीची प्रत असेल, म्हणून पाच वेळा. वहीत तिने लिहिलं: "दालन मोठं. ओळ पाच वेळा." आणि खोडून पुन्हा तेच लिहिलं, अक्षर चांगलं आलं नव्हतं म्हणून.

३

दुसऱ्या दिवशी पाव आणि दही घ्यायला तिने टोपली खाली सोडली. चौथा मजला. दोरीने टोपली सोडायची, खालचा दुकानदार शहाता चाचा त्यात सामान घालतो, आपण वर ओढायची. शहाता चाचाला टोपली दिसत नाही म्हणून बहीजने तिला बकरीच्या गळ्यातली घंटी बांधली होती. शेरवेत दोरी हलवत राहिली. खाली कुणी येईना.

"शहाता चाचा! अहो, झोपलात का?"

"मी जागाच आहे, सेल्माच्या आई! घंटी कुठं विकलीस?"

"ही काय, वाजवतेय की!"

"तू वाजवतेस आणि मी बहिरा? काल याच वेळेला ऐकू येत होतं बरं का मला!"

तिने टोपली वर ओढली. घंटी जागेवर होती. आतला लोळा सुटा होता, हलवला की पितळेवर आदळताना दिसत होता. बोटांना तो ठोका कळत होता. आवाज नव्हता.

तिने घंटी धुतली, पुसली, मीठ-लिंबू लावलं. मग कपाटात ठेवून दिली आणि विषय संपवला. घंटीच ती. जुनी होती.

चार वाजता सेल्मा झोपली. शेरवेतने दोन वेळा ठरवलं, नाही लावायचं. मग लावलं.

डबीवर गाण्याची लांबी दिसते. काल बावन्न मिनिटं होती. आज त्रेपन्न.

चार वेळा ओळ. खोकला. घर बुडो तुझं. मग पाचवी खेप, तिच्यानंतर घंटी, सगळं कालच्याच जागी. पण पाचव्या खेपेनंतर आज तोच आवाज शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "सरका जरा. जागा धरलीय. माणूस यायचंय."

शेरवेतने ओढणीचा बोळा तोंडाशी धरला. दुकानाच्या वाटेवर, बसमध्ये, डॉक्टरकडे, बहीज नेहमी तिच्यासाठी जागा धरायचा. रुमाल टाकून. लोक भांडायचे, तो हसायचा.

"पुन्हा," ती म्हणाली. हळू म्हणाली. तरी सित्त वहीबाला ऐकू गेलं.

सहाव्या खेपेच्या आधी त्या दालनाचं एखादं दार करकरून उघडलं. लांब, वर चढत जाणारी करकर, शेवटी टक्.

स्वयंपाकघरात जाताना शेरवेतने दार ढकललं. बिजागरीत सात वर्षं तेल घातलेलं नव्हतं. दार मुकाट्याने उघडलं.

४

तशी ती मूर्ख नव्हती. दोन आणि दोन तिला मांडता येत होते. पण मांडून झाल्यावरही ती दार पुढे-मागे करत उभी राहिली आणि मनात आलं ते असं, की एका करकरणाऱ्या दाराच्या बदल्यात तो चार शब्द बोलला. स्वस्तच पडलं.

हे आपल्या मनात आलं, याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

रविवारी हज्जा अचानक बाहेर आली. दुपारी ती झोपते, पण त्या दिवशी गुडघे दुखत होते. तिच्या सपाता फटक फटक वाजत आल्या आणि सोफ्यामागे थांबल्या. शेरवेतला बंद करायला वेळच मिळाला नाही.

दोन आखूड खोकले आणि एक गिळलेला.

हज्जा वळसा घालून पुढे आली, डाव्या स्पीकरसमोर जमिनीवर बसली, त्या गुडघ्यांनी. स्पीकरच्या कापडावर तळहात ठेवला.

"तीन वर्षांचा होता," ती म्हणाली. "डांग्या खोकला झाला होता. दोन महिने. तेव्हापासून शेवटचा खोकला गिळतो. मी म्हणायचे, बाहेर टाक रे, गिळू नकोस."

"हज्जा, ती एकसष्टची मैफल आहे. तेव्हा तुम्हीच मांडीवर होतात कुणाच्या तरी."

"तुला अक्कल शिकवायला नाही बोलावलं मी. माझ्या पोराचा खोकला आहे."

"जागा धरलीय," स्पीकर म्हणाला. "माणूस यायचंय."

हज्जाचा चेहरा फुलला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "मला बोलावतोय."

"कशावरून तुम्हाला?" शेरवेतच्या तोंडून फटकन निघून गेलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, रेशनच्या रांगेत पुढे कोण यावरून बायका बघतात तशा.

सहावी खेप संपली आणि हज्जाने दोन्ही हात वर केले. "पुन्हा! माझ्या लेकरा, पुन्हा!"

शेरवेतने झडप घालून तार ओढली, पण सातवी खेप निघून गेली होती. तार हातात आल्यावरही दोन शब्द वाजले. आणि त्या दोन शब्दांखाली, गर्दीच्या मधल्या वाटेवरून, फटक फटक.

संध्याकाळी शेरवेत मोरीपाशी उभी होती. वळली तर हातभर अंतरावर हज्जा उभी. कधी आली, कळलं नाही. फरशीवर सपाता आपटल्या तरी काही ऐकू येत नव्हतं.

"घाबरतेस काय? मीच आहे," हज्जा म्हणाली. मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. पाय आपटून बघितला. पुन्हा आपटला.

"आता पुरे, हज्जा. उद्या बंद करते. तिन्ही बंद करते."

"एकदाच अजून."

"घरात पोर आहे!"

हज्जाने मान खाली घातली. "हो," ती म्हणाली. "पोर आहे." आणि जशी आली तशी, आवाज न करता, गेली.

५

सोमवारी शेरवेतने पहिल्या दोन्ही सेवा बंद केल्या. तिसरी बंद करायला गेली तर ती विचारायला लागली, का बंद करताय, कारण निवडा. कारणांची यादी होती. महाग आहे. गाणी कमी आहेत. आवाज आवडला नाही. शेरवेत यादीवर बोट फिरवत राहिली. मग सेल्माने अंथरुणातून हाक मारली, "आई, पाणी," आणि तिने फोन ठेवून दिला.

पाणी मागणं म्हणजे सेल्माची झोपेची सुरुवात. घोटभर पिणार, पेला परत देणार, कुशीवर वळणार. शेरवेत तिच्याजवळ आडवी झाली. पोरीच्या नाकातून झोपेची बारीक शिट्टी सुरू होईपर्यंत पडून राहिली. ती शिट्टी तिने त्या दिवशी नीट ऐकली. कान देऊन ऐकली, याचं तिला आता बरं वाटतं.

मग उठली आणि स्वयंपाकघरात मुलुखियाच्या पालेभाजीची जुडी निवडायला बसली. पानं धुतली, दोन मुठींचा वाकडा विळा घेऊन फळीवर झुलवायला लागली. खर्र, खर्र, खर्र. पाल्याचा लगदा व्हायला वेळ लागतो. हात थांबवून घाम पुसला, तेव्हा कळलं की बाहेर गाणं चालू आहे.

ओढलेली तार तिने पुन्हा जोडली नव्हती. पण बहीजने पोरीला सगळं शिकवलं होतं. ही तार इथं, हे बटण आधी, मग हे. तीन वर्षांची असल्यापासून ती मांडीवर बसून बटणं दाबायची आणि तो पाहुण्यांना सांगायचा, माझी मदतनीस.

शेरवेत धावली. दार वाजलं नाही.

सेल्मा सोफ्याच्या मधोमध बसली होती, पाय पुढे सोडून, केस झोपेने विस्कटलेले. सातवी खेप संपत होती. डावीकडे तो बोलत होता, तेच, जागा धरलीय, आणि पोरगी हसून टाळ्या पिटत होती.

"बाबा!" ती म्हणाली. मग दोन्ही हात वर करून, शिकवल्याप्रमाणे, अगदी शहाण्यासारखी: "घल बुडो तुजं, सित्त! पुन्हा!"

"सेल्मा, नको!"

शेरवेत सोफ्यामागे पोचली होती. समोर टीव्हीची बंद काळी काच होती. रोज त्या काचेत खोली दिसायची. सोफा, मागची भिंत, भिंतीवरचं घड्याळ. आता काचेत सोफा दिसला, सोफ्यावर पोरगी दिसली. सोफ्यामागे जिथं शेरवेत उभी होती तिथं शेरवेत नव्हती. तिथं खुर्च्या होत्या, रांगेमागे रांग, लांबपर्यंत, आणि सगळ्या भरलेल्या. पुढच्या रांगेतून सोफ्याच्या पाठीवरून कुणीतरी खाली वाकत होतं. तोंड वरच्या अंधारात होतं. एक बाही तेवढी दिसली, करड्या लोकरीची. कोपराच्या खाली दुकानातल्या सोल्डरिंगच्या तापल्या सळईने पडलेलं भोक होतं. ते शेरवेतने दोनदा रफू केलं होतं.

बाही पोरीच्या काखेत शिरली, मूल उचलताना शिरते तशी.

शेरवेतने झडप घालून पोरीला कवटाळलं. पोर जागेवरच होती. गरम, जड, घामाने ओलसर. आठवी खेप सुरू झाली. सेल्मा गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली. तोंड उघडं, डोकं मागे, छोटे दात दिसत होते.

हसू मात्र डाव्या स्पीकरमधून आलं.

६

डॉक्टरने घशात दिवा घालून बघितलं. कान बघितले. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "बाप गेल्याचा धक्का असेल. येईल आवाज."

"डॉक्टरसाहेब, नुसता बोलायचा नाही. तिचं काहीच वाजत नाही. बघा, टाळी वाजवते, वाजत नाही. पाय आपटते, वाजत नाही."

डॉक्टरने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही झोपता का नीट, ताई?"

सेल्मा जेवते, खेळते, वाढतेय. रडते तेव्हा मात्र दुसऱ्या खोलीत कळत नाही. शेरवेत तांदूळ निवडत असते आणि तिकडे पोर पडून, ढोपर फुटून, तोंड वासून रडत असते आणि घर शांत असतं. म्हणून शेरवेत आता तिच्यावरची नजर काढत नाही. नमाजालाही तिला समोर बसवते. झोपताना तिच्या फ्रॉकचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधते. एकदा तिला सुचलं, पोरीच्या पायात घंटी बांधावी म्हणजे कुठं आहे ते कळेल. कपाट उघडून घंटी हातात घेतली. हलवली. मग कपाटाशीच खाली बसून राहिली.

हज्जा येऊन शेजारी बसली. कधी आली ते कळलं नाहीच.

"त्याला मी यायला हवी होते," हज्जा म्हणाली. "मी म्हातारी. माझी जागा होती ती."

"नाही हो, हज्जा. पहिल्यांदा मीच ओरडले ना."

त्या दिवशी शेरवेतने मैफल पुन्हा लावायला घेतली. आवाज परत मागायचा, कसा ते ठाऊक नव्हतं. डबीवर अक्षरं आली: हे ध्वनिमुद्रण तुमच्या देशात उपलब्ध नाही. हक्कांची काहीतरी भानगड. बंद केलेल्या दोन्ही सेवा तिने पुन्हा चालू करून बघितल्या. तिथं मैफल होती, बावन्न मिनिटांचीच. ओळ चार वेळा. नंतर नुसता गलका, कढईत भजी सोडल्यासारखा.

७

हज्जाच्या बहिणीचा मुलगा वजदी कुवेतमध्ये असतो. त्याच्याकडे ती तिसरी सेवा आहे, भारी हेडफोन आहेत. शेरवेतने त्याला फोन केला. सगळं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, मैफल तुझ्याकडे लागते का.

"लागते की वहिनी. छप्पन्न मिनिटं. काय आवाज आहे! अंगावर येतो. पण एक विचारू? त्या काळी लोक मैफलीला लहान पोरं न्यायचे का?"

"काय करते ती?"

"कोण?"

"पोर, वजदी."

"पाणी मागते. ओळ संपली की डावीकडून. आणि कुणीतरी माणूस तिला हसवत असतो. गोड हसते हो. मी तर 'पुन्हा' म्हणणारच होतो..."

"म्हणू नकोस! तुझ्या लेकरांची शपथ आहे!"

 मग तिने विनवलं म्हणून त्याने फोन हेडफोनला लावून धरला. फोनवरून काय येणार, सगळं डब्यातून आल्यासारखं. सित्त वहीबा म्हणजे नुसती चिरचिर. पण शेवटी, त्या चिरचिरीखाली, एक बारीक आवाज म्हणाला, "आई, पाणी."

शेरवेतच्या मांडीवर सेल्मा बसली होती. स्वतःच्या फ्रॉकच्या बटणाशी खेळत होती. शेरवेतचं तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर येऊन बसला होता. फक्त म्हणायचा होता. म्हटलं की ती पुन्हा ऐकू आली असती. कदाचित धरलेल्या जागेशेजारी अजून एक जागा मिळाली असती. मांडीवरच्या पोरीने वर बघितलं. तिला भूक लागली होती, ती पोटावर हात फिरवून दाखवत होती.

शेरवेतने स्वतःचं मनगट दातात धरलं. वजदीने फोन ठेवेपर्यंत धरून ठेवलं. ती खूण अजून आहे.

मग उठली आणि पोरीला जेवायला वाढलं.

तिचा निरोप एवढाच आहे, आणि तो होता होईल तितक्या लोकांना सांगायचा आहे. तुमच्या देशात ती मैफल लागत असेल, तुमचे स्पीकर चांगले असतील, तर ऐका खुशाल. दाद देऊ नका. कितीही आवडलं तरी हात खाली ठेवा, तोंड मिटलेलं ठेवा, घरातल्या पोरांना त्या खोलीत आणू नका. डावीकडे मूल हसलं तर शेरवेतला कळवा, हसली म्हणून. रडली तर कळवू नका.

आणि दुसरं. तुमच्या घरात कुणी जायला टेकलेलं असेल, पलीकडे निघालेलं असेल, तर कान शाबूत आहेत तोवर त्याच्या कानात एवढं सांगून ठेवा. डाव्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, करड्या स्वेटरचा एक माणूस बसलेला असेल, मांडीवर पोर घेऊन. त्याला म्हणावं, ती पाणी मागते तेव्हा तिला तहान लागलेली नसते. झोप आलेली असते. घोटभर द्यायचं आणि जवळ घेऊन पडायचं. हे त्याला माहीत नाही. दुपारी तो दुकानात असायचा.